महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वास्तू : एक जमाखर्च

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘जगातील प्रसिद्ध वास्तू’ या विषयावर मी बोलावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली. मी इतिहासाचा पंडित नाही. बी. ए.ला इतिहास हा एक विषय होता, एवढीच माझी त्या शास्त्राशी ओळख. पुढची सारी वर्षे केंद्र सरकारच्या हिशेब-तपासणीत गेली. बदलीच्या हुकुमासरशी कोलकाता, भुवनेश्वर, तिरुचिरापल्ली आणि अखेर रायपूर, असे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलो. जे पाहिले ते रजेच्या दिवशी आणि तेही हिशेबनिसाच्या नजरेने. त्यामुळे आजचे भाषणही थोडेफार जमाखर्चाच्या वळणाचे होईल. ते आपण गोड मानून घ्यावे.

विषय ठरला तेव्हा माझ्या मनात पॅरिस होते, आग्रा होते, इजिप्त होते. परंतु गेल्या गणेशोत्सवातील एका प्रसंगाने या विषयाचे तोंडच फिरवले. मुलांच्या प्रश्नमंजूषेत मी जगप्रसिद्ध वास्तूंची चित्रे पडद्यावर दाखवीत होतो. आयफेल टॉवर आला, सगळे हात वर. ताजमहाल, चीनची भिंत, सिडनीचे ऑपेरा हाऊस, सगळ्यांची नावे मुलांनी चित्र पुरते उमटण्याआधीच सांगितली. शेवटी मी विटांच्या एका देवळाचे चित्र दाखवले. सभागृह गप्प. एका मुलीने भीत भीत ‘खजुराहो?’ असे विचारले. ते सिरपूरचे लक्ष्मण मंदिर होते. रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, महानदीच्या काठी ते उभे आहे.

बक्षीस समारंभानंतर पाचवी-सहावीतला एक मुलगा माझ्यापाशी आला आणि म्हणाला, ‘‘काका, या सगळ्यांत आपलं कोणतं?’’ मी म्हणालो, ‘‘अरे, रायगड आहे, वेरूळ आहे, शनिवारवाडा आहे.’’ तो म्हणाला, ‘‘ते तिकडचं झालं. इथलं आपलं कोणतं?’’ त्याला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आजचे भाषण हे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे समजावे.

महाराष्ट्राबाहेर मराठी माणसांनी उभारलेले, हलवलेले किंवा त्यांच्यामुळे निर्माण झालेले जे काही मी पाहिले, त्याचा जमाखर्च मांडून बघू. आधी जमेची बाजू घेतो, कारण ती सांगताना छाती फुगते.

पहिली रक्कम काशीची. आईला घेऊन मी काशीला गेलो तेव्हा नावेतून घाट पाहताना ती एकेक नाव ऐकून हात जोडीत होती. दशाश्वमेध घाट अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी बांधविला. पलीकडे शिंदे घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट आहे. १६६९ साली पाडल्या गेलेल्या विश्वनाथ मंदिराच्या शेजारी १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी नवे मंदिर उभारले. पुढे महाराजा रणजितसिंहांनी त्याच्या शिखरांसाठी सोने दिले आणि २०२१ साली त्याभोवतीचा विस्तृत परिसर खुला झाला. अहिल्याबाईंनी गयेचे विष्णुपद मंदिर बांधले, सोमनाथालाही देऊळ बांधले. राज्य माळव्यात, पण कळसांना सीमा नाही, असा त्यांचा खाक्या होता. आज त्या देवळांत जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठीचा गंधही नसतो, आणि अहिल्याबाईंना त्याचे वाईट वाटले नसते.

दुसरी रक्कम तंजावरची. तिरुचिरापल्लीला असताना एका रविवारी बृहदीश्वराच्या मंदिरात गेलो. राजराज चोळाने इसवी सन १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले ते प्रचंड देवालय. सभोवार तमिळ अक्षरे. आणि फिरता फिरता एका भिंतीवर देवनागरी अक्षरे दिसली. जवळ जाऊन वाचू लागलो तो मराठी! सरफोजी राजांनी १८०३ साली तेथे भोसले वंशाचा इतिहास कोरून घेतला. हा आपल्या भाषेतील अतिशय विस्तृत शिलालेख होय. घरापासून इतक्या दूर, परक्या लिपीच्या गर्दीत आपली अक्षरे दिसावीत, हा आनंद काय असतो ते येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. स्टेशनवर अनोळखी माणसांच्या घोळक्यात कोणीतरी ‘‘अहो, ऐकलंत का?’’ म्हणावे आणि आपण चटकन वळून पाहावे, तसे मला झाले.

परंतु जरा वेळाने हिशेबनीस जागा झाला. समजा, दुसऱ्या कोणी राजाने रायगडच्या जगदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याची कथा कोरली असती, तर आपल्याला काय वाटले असते? मनात ही शंका घेऊन मी तेथल्या एका वृद्ध गृहस्थांशी बोललो. ते म्हणाले, ‘‘सरफोजींनी या देवळाची दुरुस्तीही केली. त्यांच्या वंशजांकडे अजून या देवस्थानाचे विश्वस्तपद आहे. ज्यांनी देऊळ सांभाळले त्यांनी चार ओळी लिहिल्या तर बिघडले काय?’’ हे वाक्य मी मनात जपून ठेवले आहे. पुढे ते कामास येणार आहे.

याच सरफोजींची आणखी एक वास्तू समुद्रकाठी, सेतुभावाछत्रम् गावाजवळ आहे. तिला ‘मनोरा’ म्हणतात. आठ मजल्यांचा हा बुरूज १८१४-१५ साली उभा राहिला, आणि तो कशासाठी म्हणाल, तर इंग्रजांनी नेपोलियनचा पाडाव केला त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ! पॅरिसमध्ये नेपोलियनच्या विजयांची कमान अर्धवट उभी होती. ती १८३६ साली पुरी झाली. त्याच सुमारास बंगालच्या उपसागराच्या काठी शिवाजी महाराजांच्या भावाच्या कुळातील राजा त्याच्या पराभवाचा बुरूज बांधीत होता. १७९९ च्या तहाने सरफोजींच्या राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. ग्रंथसंग्रहासाठी आणि विद्येसाठी या राजाला वंदन करावे; पण मनोरा ही ताबेदारीची पावती आहे, आणि ती नावे बाजूसच पडते.

आता नावे बाजूकडे आलोच आहोत, तर पुढच्या रकमा सांगतो. त्या सांगताना आवाज जरा खाली येतो.

कोलकात्यात आमच्या शेजारच्या घरी एक आजी नातवाला निजवताना एक जुने गाणे म्हणत. चाल गोड होती. मी अर्थ विचारला. त्या हसल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमचेच गाणे आहे.’’ बाळाने निजावे, कारण बर्गी आले आहेत, असा त्याचा आशय. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर चाकरी करणारे मराठा स्वार. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. गावे लुटली गेली, पिके जळाली, माणसे मेली. आपण आपल्या मुलांना ज्या घोड्यांच्या टापा अभिमानाने ऐकवतो, त्याच टापांचे भय तेथल्या आया मुलांना घालीत. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

त्या भयाची एक वास्तूही होती. मराठ्यांच्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता; सुमारे तीन मैल खणून झाल्यावर काम थांबले. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला, पण ‘मराठा डिच’ हे नाव बागबाजारच्या बाजूस एका गल्लीला अजून चिकटलेले आहे. चीनची भिंत पाहावयास जगभरचे लोक जातात, तीही अशीच उत्तरेकडच्या स्वारांच्या भयाने बांधलेली. फरक इतकाच की ती भिंत उभी राहिली आणि आपल्या नावाचा खंदक बुजला. पण ज्यांच्या भयाने बांधले गेले त्यांच्या वंशजांनी त्या जागी उभे राहून थोडे अंतर्मुख व्हावे, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

एक रक्कम मला कोणत्याच बाजूस घालता आलेली नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या सिंहद्वारासमोर एकाच दगडातून घडवलेला एक उंच, सोळा बाजूंचा खांब आहे. माथ्यावर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसला आहे. हा अरुणस्तंभ मुळात तेथला नव्हे. तेराव्या शतकात नरसिंहदेव राजाने कोणार्कला सूर्यमंदिर बांधले, त्याच्या समोरचा तो. ओरिसावर नागपूरकरांचा अंमल होता, त्या काळात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तो कोणार्कहून पुरीला आणण्यात आला. पॅरिसच्या मध्यावर इजिप्तमधील लक्सरहून आणलेला स्तंभ आहे, रोममध्ये तसे अनेक आहेत, लंडनमध्ये एक आहे. आपण त्यास लूट म्हणतो. मग अरुणस्तंभाला काय म्हणावे? कोणार्क तोवर ओस पडले होते, तेथे पूजाअर्चा राहिली नव्हती. पुरीला रोज हजारो हात त्या खांबाला स्पर्श करतात. असे असले तरी आपल्या सूर्याला पारखा झालेला तो सारथी पाहिला की चुकल्यासारखे वाटते. आमच्या कचेरीत ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात. अरुणस्तंभ मी तेथे ठेवला आहे.

आता आपल्या छत्तीसगडाकडे वळू. बंगालवर जाण्यापूर्वी, १७४१ साली, भास्करराम कोल्हटकरांची फौज याच प्रदेशातून गेली आणि हैहयवंशी राजांची राजधानी रतनपूर तिने हस्तगत केली. म्हणजे त्या अंगाईगीतातली वाट आपल्या अंगणावरून गेलेली आहे. पण पुढे १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास आले ते राहण्यासाठी. १७८७ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले. त्यांनी तेथल्या टेकडीवर रामाचे देऊळ बांधले. टेकडीला लोक रामटेकरी म्हणतात. नागपूरजवळचे रामटेक सोडून आलेल्या माणसाने नव्या गावी टेकडी शोधून तिच्यावर राम बसवावा, यातली ओढ तुम्हांआम्हांला समजावून सांगावी लागत नाही. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची चाल येथे त्यांनीच सुरू केली, असे या भागात सांगतात. त्यांच्या कारकिर्दीत मराठी आणि मोडी येथल्या दप्तरात आली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि मोडी दप्तरातून गेली. राम मात्र टेकडीवर आहे, कारण त्याला रोज दिवा लावणारे लोक रतनपूरचे आहेत.

याहून जुनी गोष्ट सिरपूरची आहे, आणि माझ्या मते त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे.

सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. लक्ष्मण मंदिर हे मुळात विष्णूचे देवालय. ते सातव्या शतकात वासटा नावाच्या राणीने आपला पती हर्षगुप्त याच्या स्मृतीसाठी बांधले. तेव्हा तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन गादीवर होता. पतीने पत्नीसाठी बांधलेल्या ताजमहालाच्या सुमारे हजार वर्षे आधी पत्नीने पतीसाठी बांधलेले हे स्मारक. संगमरवर नाही, रत्ने नाहीत. नदीकाठच्या मातीच्या भाजलेल्या विटा, आणि त्यांवर लाकडावर करावे तसे कोरीव काम. दाराच्या चौकटीवर शेषशायी विष्णू आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वासटा येथली नव्हती. ती मगधाच्या सूर्यवर्म्याची मुलगी. लग्न होऊन इतक्या दूर आली. तिचे माहेर गंगेकडे आणि तिचे स्मारक महानदीकाठी. आज सिरपूरच्या त्या देवळाला मगधाचे देऊळ कोणी म्हणत नाही.

त्या मंदिराचा शिलालेख ढिगाऱ्यात सापडला. त्यात राजवंशाची स्तुती आहेच. पण माझ्यासारख्या माणसाचे डोळे पुढच्या भागावर खिळले. मंदिरासाठी कोणती गावे लावून दिली, त्यांच्या उत्पन्नातून अन्नसत्र कसे चालावे, देवळाची मोडतोड झाल्यास दुरुस्ती कशी व्हावी, सेवकांचा निर्वाह कसा व्हावा, याची तरतूद तेथे कोरलेली आहे. चौदाशे वर्षांपूर्वीचे ते अंदाजपत्रकच होय! वीट रचताना वीट ढासळेल हे त्या बाईला ठाऊक होते.

जगभर पाहा, जे टिकले ते असेच टिकले. ताजमहालाच्या देखभालीसाठी शहाजहानने तीस गावांचे उत्पन्न लावून दिले होते. आयफेल टॉवर १८८९ साली उभा राहिला तो केवळ वीस वर्षांच्या परवान्यावर. बिनतारी संदेशासाठी उपयोगी पडला म्हणून वाचला, आणि आजही साधारण दर सात वर्षांनी सुमारे साठ टन रंग लावून त्यास गंजापासून राखतात. जपानमधील इसे येथले देवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पुन्हा नव्याने बांधतात. मागचा सोहळा २०१३ साली झाला. कंबोडियातील अंगकोर वट बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधले गेले, पुढे तेथे बुद्धाची उपासना सुरू झाली आणि भिक्षूंनी ते जागते ठेवले. आज ते त्या देशाच्या झेंड्यावर आहे. बांधणारा एक आणि सांभाळणारा दुसरा, असे पुष्कळदा घडते. वास्तू सांभाळणाऱ्याची होते.

सिरपूरच्या बाबतीतही मराठी हातांचा थोडा वाटा आहे. १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथे उत्खनन करून बौद्ध विहार उजेडात आणले. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींचे शिलालेख संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले. रतनपूरच्या हैहयांचा इतिहास त्यामुळे पक्क्या पायावर उभा राहिला. हे बारगीर घोडे घेऊन आले नव्हते. यांच्या हातात कुंचला आणि भिंग होते. जमेच्या बाजूस मी या रकमा सर्वांत वर लिहीन.

आता एक कबुली देतो. वास्तू सांभाळण्याची ही भाषा मी करतो आहे. पण सातारा जिल्ह्यात आमचा एक जुना वाडा होता. आजोबांनी बांधलेला, दोन चौकांचा. वडील हयात होते तोवर दर उन्हाळ्यात कौले चाळली जात. त्यांच्यामागे चुलतभावाची पत्रे येत : ‘‘दादा, माळवद गळते आहे, थोडे पाठवा.’’ मी ‘पुढच्या वर्षी बघू’ असे लिहीत असे. तेव्हा मुलांची शिक्षणे होती, बदल्या होत्या; कारणे सगळी खरी होती. एका पावसाळ्यात मागला चौक बसला. गेल्या वर्षी गेलो तेव्हा तुळशीवृंदावन तेवढे उभे होते. चुलतभावाची सून त्याला पाणी घालीत होती. मी तिला विचारले, ‘‘अजून घालतेस?’’ ती म्हणाली, ‘‘आपलंच आहे ना, मामंजी.’’ दुसऱ्यांचे हिशेब जन्मभर तपासलेल्या माणसाला त्या मुलीने एका वाक्यात त्याची बाकी दाखवून दिली.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी एक विनंती आहे. आपल्या सभागृहासमोर शनिवारवाड्याच्या धर्तीची कमान उभारावी, असा प्रस्ताव आहे. माझा त्यास विरोध नाही. हौसेला मोल नसते. परंतु मंडळाचे हिशेब काही वर्षे मी पाहतो आहे. नव्या बांधकामाच्या निधीला देणग्या येतात. ‘दुरुस्ती’ या सदराखाली मात्र कोणी दमडी देत नाही, कारण दुरुस्तीवर नावाची पाटी लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी पगारातून पै-पै साठवून हे सभागृह उभारले, त्यांच्यापैकी तिघे-चौघे आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर गेल्या पावसाळ्यात तीन ठिकाणी गळत होते. कमानीसाठी जमेल त्या रकमेचा चौथा हिस्सा कायम ठेवीत ठेवावा आणि तिच्या व्याजातून दुरुस्ती व्हावी, असा ठराव करावा. वासटा राणीने जे शिलालेखात कोरले ते आपण निदान इतिवृत्तात लिहू.

दुसरे असे की, दरवर्षी माघी पौर्णिमेस सिरपूरला जत्रा भरते. त्या दिवशी मंडळाची मुले तेथे न्यावीत, आणि दसऱ्याला रतनपूरला. त्यांना तेथे आपला पराक्रम सांगावा, बंगालच्या त्या आजीचे गाणेही सांगावे, आणि हाती एकेक केरसुणी द्यावी. पुरातत्त्व खात्याच्या भिंतीला हात लावावयाचा नाही. बाहेरच्या आवारातला जत्रेनंतरचा कचरा गोळा करावयास कोणाची ना नसावी.

आणि तो मुलगा आज सभागृहात असेल, तर त्यास माझे सांगणे असे : बाळ, इथले आपले कोणते, असे तू विचारले होतेस. रतनपूरचा राम आपला खरा, पण तो बिंबाजींनी बांधला म्हणून नव्हे. सिरपूरचे देऊळ तर आपल्या कोणीच बांधलेले नाही. तरीही ते तुझे होऊ शकते. तुळशीला रोज पाणी घातले की ती आपली होते, तितके हे सोपे आहे, आणि तितकेच नेमाचे. तुझ्या या काकाला ते करणे जमले नाही, तुला जमेल.